ज्वारीच्या घुगऱ्या, कोंबडी आणि आठवड्याचा फ्रीज

रविवारी एकदाच शिजवायचं आणि आठवडाभर खायचं, ही पद्धत आता पुण्यामुंबईच्या बऱ्याच घरांत रुजली आहे. दोघंही नोकरीला, घरी पोचायला साडेआठ, आणि डोक्यात प्रथिनांचं गणित. मग रविवारी संध्याकाळी ओट्यावर डबे ओळीनं मांडले जातात. प्रत्येकात भात, त्यावर कोंबडीचे तुकडे, कडेला काकडी-टोमॅटो, वरून सॉस, झाकण, की गेला फ्रीजमध्ये. सोमवारचा डबा छान लागतो, मंगळवारचा बरा. बुधवारी काकडीला पाणी सुटलेलं असतं, भात तळाशी ओला आणि वर खडखडीत झालेला असतो, कोंबडीला शिळा वास मारतो. शुक्रवारचा डबा बहुतेक वेळा कचऱ्यात जातो. तो कुणी खाल्ला तर ते आणखी वाईट.

गडबड होते ती सगळे जिन्नस पहिल्याच दिवशी एका डब्यात भरल्यामुळे. शेंगदाण्याची किंवा जवसाची कोरडी चटणी महिनाभर टिकते. शिजवलेलं धान्य आणि कोंबडी फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतात. मीठ लावलेली काकडी तासाभरात पाणी सोडते. चौघांना एकत्र कोंडलं की सगळ्यांच्या वाट्याला काकडीचंच आयुष्य येतं. म्हणून या प्रकरणात आपण तयारी करू ती भागांची. वाडगा भरायचा तो जेवायला बसताना.

आधी धान्य. वाडग्याचा अर्धा भाग तेच व्यापतं आणि बहुतेकांची निवड तिथेच फसते. माझी निवड अख्खी ज्वारी. आपल्याकडे ज्वारी म्हटली की भाकरीच डोळ्यांपुढे येते. पण सोलापूर-मराठवाड्याकडे ताकातल्या कण्या आणि उकडलेल्या दाण्याच्या घुगऱ्या हे जुनं खाणं आहे. तिथल्या काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर वाढते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही आहे. मालदांडीचा टपोरा, मोत्यासारखा दाणा घुगऱ्यांना उत्तम.

ज्वारी रात्री दोन-तीन पाण्यांनी धुऊन भिजत घालावी. आठ ते दहा तासांनी ते पाणी ओतून द्यावं, कुकरमध्ये दाण्यांच्या तिप्पट नवं पाणी आणि चवीला मीठ घालावं, मोठ्या आचेवर एक शिट्टी होऊ द्यावी आणि मग आच मंद करून पंचवीस ते तीस मिनिटं ठेवावं. कुकर आपोआप निवला की झाकण काढून एक दाणा चावून बघावा. तो कुठेकुठे उमललेला असतो, आतला पांढरा गर दिसतो, पण आकार सोडत नाही. दाताखाली जरासा कस लागून फुटला म्हणजे जमलं. करकर लागली तर आणखी दहा मिनिटं. वरचं दाटसर पाणी फेकू नये. जिरं-लसणाची फोडणी आणि थोडं ताक घातलं की त्याचं चांगलं कढण होतं.

हा दाणा फ्रीजमध्ये भातापेक्षा चांगला का राहतो, याचं उत्तर स्टार्चमध्ये आहे. धान्य शिजताना स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि त्यातल्या लांब साखळ्या मोकळ्या होतात. थंड होताना त्या पुन्हा एकमेकींजवळ येऊन घट्ट रांगा धरतात आणि त्यांच्यातलं पाणी बाहेर पडतं. गोठणबिंदूच्या जरा वरच्या तापमानाला, म्हणजे नेमकं आपल्या फ्रीजच्या तापमानाला, हा प्रकार सर्वांत वेगानं होतो. बासमतीत ॲमायलोज नावाच्या सरळ साखळ्या जास्त, म्हणून त्याचा भात मोकळा होतो आणि दुसऱ्या दिवशी कडकही. इंद्रायणी मऊ राहतो, पण त्याचा गोळा होतो. ज्वारीतही साखळ्या आवळतातच. पण तिचा कोंडा शाबूत असतो, दाणे एकमेकांना चिकटत नाहीत, आणि ती चावून खायचीच वस्तू असल्यामुळे थोडा टणकपणा खटकत नाही. खाताना चमचाभर पाण्याचा हबका मारून झाकून गरम केली की मऊपणा बराचसा परत येतो.

या आवळण्याचा एक फायदाही आहे. थंड होताना बनलेल्या रांगांपैकी काही पुन्हा गरम केल्यावरही सुटत नाहीत. लहान आतड्यात त्यांचं पचन होत नाही. त्या मोठ्या आतड्यापर्यंत पोचतात आणि तिथल्या उपयोगी जिवाणूंना खाद्य मिळतं. रक्तातली साखर त्यामुळे थोडी हळू चढते. ‘थोडी’ हा शब्द मी जपून वापरतो आहे. फ्रीजमधला भात मधुमेहाला चालतो म्हणून दुप्पट घेणारी माणसं पाहिली, की हा शब्द जपून वापरावासा वाटतो.

ज्वारी आणि कोंबडी यांची जोडी पोषणाच्या अंगानंही जमते. शंभर ग्रॅम ज्वारीत प्रथिनं साधारण दहा ग्रॅम असतात, पण त्यात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी पडतं. कोंबडीत ते भरपूर. मुळात भाकरीसोबत डाळ किंवा उसळ खाण्यानंही हीच उणीव भरून निघते. दुसरा मुद्दा लोहाचा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम ज्वारीत जवळपास ४ मिलिग्रॅम लोह असतं, पण कोंड्यातलं फायटिक आम्ल ते धरून ठेवतं आणि शरीराला त्यातलं थोडंच मिळतं. दाणे भिजवून पाणी ओतलं की फायटिक आम्ल काहीसं कमी होतं. त्याच घासात मांस असेल तर धान्यातलं लोह जास्त शोषलं जातं, आणि लिंबातल्या क जीवनसत्त्वानंही तोच परिणाम होतो. म्हणजे वाडग्यावर पिळलेली लिंबाची फोड चवीपेक्षा बरंच जास्त काम करते.

बाकीच्या धान्यांबद्दल थोडक्यात. बाजरीत लोह जास्त, पण अख्खा दाणा शिजवला की तिचा कडवटपणा फ्रीजमध्ये वाढल्यासारखा वाटतो. ती हिवाळ्यात ताजी खावी. नाचणीचा दाणा बारीक आणि साल चिवट, ती भाकरीत आणि आंबिलीतच शोभते. वरई पंधरा मिनिटांत होते, पण दुसऱ्या दिवशी तिचे गठ्ठे होतात. खपली गहू मात्र ज्वारीच्या खालोखाल चांगला, सांगली-साताऱ्याकडून मिळाला तर जरूर आणावा. किनोआ दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातलं धान्य आहे आणि चांगलं आहे. पण पदरात मालदांडी असताना कितीतरी पट पैसे मोजून ते आणण्याचं कारण मला दिसत नाही.

आता कोंबडी. दुकानात बोनलेस मागितलं की बहुतेक छातीचंच मांस मिळतं. आठवड्याच्या तयारीला मी लेगचं बोनलेस मागून घ्यायला सांगेन. छातीच्या मांसात चरबी आणि संयोजी ऊती दोन्ही कमी. पासष्ट-सत्तर अंशांच्या पुढे तिच्यातली प्रथिनं आवळून पाणी बाहेर ढकलतात आणि दुसऱ्यांदा गरम केल्यावर तिचा चोथा होतो. मांडीत कोलॅजेन असतं. ते शिजताना विरघळतं आणि धाग्यांमध्ये ओलावा धरून ठेवतं. प्रथिनं छातीत थोडी जास्त असतात, कच्च्या शंभर ग्रॅममागे बावीस-तेवीस ग्रॅम, मांडीत एकोणीस-वीस. तीन ग्रॅमच्या फरकासाठी तीन दिवस कोरडं मांस चघळू नये. गावरान कोंबडी यासाठी घेऊ नका. ती वयानं मोठी आणि हिंडलेली, तिचं कोलॅजेन घट्ट, तिला रश्श्यातच तासभर रटरटू द्यावं. ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांची असते, म्हणून वीस मिनिटांत मऊ होते.

दोन माणसांच्या तीन जेवणांना, म्हणजे सहा वाडग्यांना, बोनलेस ७५० ग्रॅम आणि कोरडी ज्वारी ३०० ग्रॅम पुरते. एका वाडग्यात मग मांसातून सुमारे चोवीस आणि ज्वारीतून पाच ग्रॅम प्रथिनं येतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत; साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. एका वाडग्यात त्यातला निम्म्याहून जास्त वाटा झाला. उरलेला वरण, दही, उसळीतून सहज होतो.

कोंबडी धुण्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण आपल्या घरांत हळद-मीठ लावून नळाखाली खळखळून धुणं ही स्वच्छतेची खूण मानली जाते. कच्च्या कोंबडीवर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू असू शकतात. धुण्यानं ते मरत नाहीत. नळाच्या धारेचे शिंतोडे मात्र त्यांना सिंक, ओटा, शेजारी निथळत ठेवलेली कोथिंबीर इथपर्यंत नेतात. मरतात ते शिजवण्यानं. त्यामुळे न धुणं सर्वांत चांगलं. मन मानत नसेल तर खोल पातेल्यात पाणी घेऊन त्यात तुकडे हलक्या हातानं बुडवून काढावेत, पाणी सावकाश ओतावं आणि सिंक साबणानं घासून घ्यावं. सुरी आणि पाट वेगळे ठेवावेत. कच्चं मांस फ्रीजमध्ये सर्वांत खालच्या फळीवर, झाकून.

मीठ मांसाच्या वजनाच्या एक टक्का. ७५० ग्रॅमला साडेसात ग्रॅम, म्हणजे चहाचा सव्वा चमचा. ते आदल्या रात्रीच लावावं. मीठ आत मुरलं की मांसातली काही प्रथिनं सैल होतात आणि शिजताना पाणी धरून ठेवतात. सोबत तीन मोठे चमचे दही, आलं-लसूण वाटण, हळद, चमचाभर तेल आणि घरातला कांदा-लसूण मसाला. मसाल्यातही मीठ असतंच, तेवढं हातचं राखावं. कच्ची पपई नको. तिच्यातलं विकर रात्रभरात मांसाचा वरचा थर गिळगिळीत करून टाकतं.

या वाटण-मसाल्याचं काम चवीपुरतं नाही. शिजवून थंड केलेल्या कोंबडीला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणाऱ्या शिळ्या, ओल्या पुठ्ठ्याच्या वासाचा अभ्यास झालेला आहे. १९५८मध्ये टिम्स आणि वॉट्स या अमेरिकी संशोधकांनी त्याला स्वतंत्र नावही दिलं. कोंबडीच्या पेशींच्या पातळ पडद्यांमध्ये असंपृक्त चरबी असते. शिजताना हे पडदे फुटतात, मांसातलं लोह मोकळं होतं आणि त्याच्या मदतीनं हवेतला ऑक्सिजन त्या चरबीला खवट करू लागतो. मांडीत लोह आणि चरबी दोन्ही जास्त, त्यामुळे तिला हा धोका छातीपेक्षा अधिक. उपाय आपल्या मसाल्याच्या डब्यात आहे: लवंग, दालचिनी, हळद, आलं, लसूण या सगळ्यांत ही खवट होण्याची क्रिया रोखणारी द्रव्यं आहेत. नुसतं मीठ-मिरी लावून भाजलेली कोंबडी तिसऱ्या दिवशी थकलेली लागते आणि कांदा-लसूण मसाल्यातली तोवर मुरलेली, ते यामुळे. ऑक्सिजन रोखायचा आणखी एक मार्ग म्हणजे तुकडे मोठे ठेवणं आणि शिजताना सुटलेला रस त्यांच्यावरच ओतून ठेवणं. थंड झाल्यावर तो रस जेलीसारखा गोठतो आणि मांसाला झाकून टाकतो. बारीक चिरायचं ते खाताना.

शिजवताना जाड बुडाची कढई किंवा लोखंडी तवा चांगला तापवावा आणि तुकडे एकाच थरात, एकमेकांना न चिकटता मांडावेत. एकदम सगळे ओतले तर भांडं निवतं, पाणी सुटतं आणि कोंबडी भाजण्याऐवजी उकडते. दोन्ही बाजूंनी डाग पडले की आच मंद करून आठ-दहा मिनिटं झाकण. मांसाच्या आतलं तापमान ७४ अंश सेल्सियस झालं पाहिजे. हे मोजणारा टोचायचा थर्मामीटर फार महाग नसतो आणि आठवड्याची तयारी करणाऱ्यानं तो घ्यावाच. नुसत्या रंगावरून अंदाज चुकू शकतो.

शिजवून झालं की बहुतेकांच्या मते काम संपतं. खरं म्हणजे सर्वांत जपण्याचा तास आता सुरू होतो. धान्यात बॅसिलस सेरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते उकळत्या पाण्यातही जिवंत राहतात. भांडं कोमट असताना ते रुजतात, वाढतात आणि त्यांच्या काही जाती उलट्या करवणारं विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी कितीही कडकडीत फोडणी दिली तरी ते तसंच राहतं. फोडणीचा भात मलाही प्रिय आहे. तो रात्रीच फ्रीजमध्ये गेलेल्या भाताचा करावा, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत.

धोक्याचा पट्टा आहे ५ ते ६० अंशांचा. शिजलेलं अन्न त्यात दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. स्वयंपाकघरच बत्तीस अंशांच्या वर तापलं असेल तर एकच तास. कुकरभर ज्वारी कुकरमध्येच ठेवली तर तिचा मध्य निवायला कितीतरी वेळ लागतो. ती परातीत बोटभर जाडीच्या थरात पसरून पंख्याखाली ठेवली की वीस-पंचवीस मिनिटांत हाताला कोमट लागते. मग चमचाभर तेल चोळून उथळ डब्यांत भरावी. स्टीलचे डबे यासाठी काचेपेक्षा लवकर थंड होतात. डब्यांमध्ये हवा खेळेल इतकी जागा ठेवावी. रविवारी रात्री खच्चून भरलेला फ्रीज थंड व्हायला सोमवारची सकाळ उजाडते. फ्रीजचं तापमान चारच्या आसपास आहे की नाही हेही एकदा मोजून बघावं.

शिजवलेली कोंबडी फ्रीजमध्ये तीन ते चार दिवस. सात नाही. हा आकडा अनेकांना अडचणीचा वाटतो, पण मराठी घराच्या वारांशी त्याचा चांगला मेळ बसतो. बऱ्याच घरांत सोमवारी, गुरुवारी, शनिवारी मांसाहार नसतो. रविवारी रात्री, मंगळवारी आणि बुधवारी कोंबडी खाल्ली की रविवारची खेप वेळेत संपते. शुक्रवारचा वाटा रविवारीच निवल्याबरोबर वेगळा काढून चपट्या पिशवीत फ्रीझरमध्ये टाकावा आणि गुरुवारी रात्री खाली फ्रीजमध्ये उतरवून ठेवावा, ओट्यावर नाही. ज्वारीचाही एक डबा फ्रीझरमध्ये टाकता येतो. दाणे मोकळेच राहतात. सोमवारी-गुरुवारी त्याच घुगऱ्यांवर मटकीची उसळ घ्यावी, मोड आलेली मटकी वाफवूनच. कोंबडीचा डबा पहिल्यापासून वेगळा असल्यामुळे वार पाळणाऱ्या सासूबाई आणि व्यायामशाळेत जाणारी सून एकाच फ्रीजमधल्या एकाच ज्वारीवर जेवू शकतात. आधीच मिसळून ठेवलेल्या सात डब्यांमध्ये हे जमत नाही.

कोशिंबीर रोजची रोज. काकडी-टोमॅटो आधी चिरून ठेवूच नयेत. कोबी, गाजर, मुळा मात्र कोरडे करून, मीठ न लावता, डब्यात स्वच्छ फडक्यावर ठेवले तर दोन-तीन दिवस कुरकुरीत राहतात. मीठ आणि लिंबू ताटात. वरून सॉसची जागा घ्यायला दह्यात कालवलेली शेंगदाण्याची चटणी पुरते. कारळ्याची किंवा जवसाचीही छान लागते, आणि रोज चटणी बदलली की तोच वाडगा वेगळा होतो. मंगळवारी ठेचा, बुधवारी कारळं, असं.

डबा बाहेर न्यायचा असेल तर गणित बदलतं. मुंबईचे डबेवाले सकाळी शिजलेलं गरम जेवण दुपारी पोचवतात. आपला डबा फ्रीजमधून निघालेला असतो. सकाळी सातला पिशवीत गेलेला वाडगा दुपारी एकला उघडला, तर सहा तास तो त्याच धोक्याच्या पट्ट्यात होता. कार्यालयात फ्रीज असेल तर पोचताच तिथे ठेवावा, प्रवास लांबचा असेल तर अस्तर असलेल्या पिशवीत बर्फाचा पॅक घालावा. मायक्रोवेव्हसाठी काचेचा डबा हवा. आधी घुगऱ्या आणि कोंबडी, चमचाभर पाणी, झाकण सैल. अर्ध्यावर काढून ढवळावं, कारण मायक्रोवेव्ह कडा तापवतो आणि मध्ये थंड जागा ठेवतो. मधून वाफ येईपर्यंत गरम करावं, मिनिटभर तसंच राहू द्यावं आणि मग कोशिंबीर, चटणी, लिंबू. एकदा गरम केलेलं उरलं तर पुन्हा फ्रीजमध्ये नको. जिथे फ्रीजही नाही आणि बर्फाचीही सोय नाही, तिथे कोंबडीचा वाडगा रात्रीच्या जेवणाला ठेवावा आणि दुपारच्या डब्यात सकाळी केलेली ताजी पोळी आणि सुकी भाजी न्यावी.